बत्ती दुपारी, मशीन रात्री

आमच्या स्वयंपाकघरात दुपारी दीड-दोनच्या सुमारास मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात. मनात एक, दोन म्हणावं, तोवर खिडकीच्या काचा थडथडतात आणि दणका ऐकू येतो. वाघोलीच्या पुढे राहायला आलो तेव्हा या मधल्या शांततेचीच मला जास्त भीती वाटायची. कारण पुढे कळलं. सुरुंग उडतो ती खाण आमच्यापासून सातशे मीटरवर. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे त्याला दोन सेकंद लागणार. हादरा मात्र घट्ट काळ्या दगडातून सेकंदाला काही किलोमीटर या वेगानं येतो. म्हणून वाट्या आधी, दणका मागून.

सोसायटीनं पहिला अर्ज केला तो याच दणक्याबद्दल. भिंतींना गेलेल्या भेगांचे फोटो जोडले, सत्तरेक सह्या केल्या. उत्तर आलं की हादरे मर्यादेत आहेत. आम्ही चिडलो, काहीतरी साटंलोटं असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मी मात्र कागद वाचत गेले आणि हळूहळू लक्षात आलं, की उत्तर खोटं नसावं.

खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं एक परिपत्रक आहे. सुरुंगानं जमीन किती हलली, हे त्यात मिलिमीटर प्रतिसेकंद या मापात मोजतात. राहत्या घरांसाठी, कंपनाची वारंवारता आठ हर्ट्झच्या खाली असेल तर मर्यादा ५, त्यावर पंचवीसपर्यंत १० आणि त्याहून वर १५. माणसाला हादरा जाणवायला अर्धा मिलिमीटरही पुरतो. म्हणजे आपल्याला जाणवू लागतं त्याच्या दहापट जमीन हलली, तरी कायद्याच्या लेखी घर सुरक्षित असतं. आणि बहुतेक वेळा ते खरोखरच सुरक्षित असतं. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सनं १९८० मध्ये घरांच्या नुकसानीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातली जुन्या गिलाव्याच्या भिंतींसाठीची मर्यादा १२.७ होती. आमच्या भागात तळाशी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया नीट घेतला नसेल तर सुरुंगाशिवायही भिंती चिरतात. हे मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा दोन-तीन शेजारी माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते.

सुरुंग निरुपद्रवी असतो, असं मला म्हणायचं नाही. भोकं चुकीची पाडली, दारू जास्त भरली, की दगड उडतो, आणि उडालेला दगड मर्यादा विचारत नाही. केरळमधल्या एका तक्रारीवर २०२० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं सुरुंग लावणारी खाण वस्तीपासून किमान २०० मीटर आणि बिनसुरुंगाची १०० मीटर लांब हवी, असा आदेश दिला. त्याआधी तिथे ५० मीटर चालत होते. पण हे अंतर खाणीला परवाना देताना मोजतात. खाण आधी असेल आणि इमारती तिच्या दिशेनं सरकत आल्या, तर फूटपट्टी कुणी धरायची? खाणपट्टा महसूल खात्याचा, बांधकाम परवानगी नियोजन प्राधिकरणाची. वाघोली, भावडी, लोणीकंदच्या खाणी जुन्या आहेत. वाघोली पुणे महापालिकेत आली २०२१ मध्ये. आमच्या घराच्या कागदांत पाण्याचा, रस्त्याचा, अग्निशमनाचा उल्लेख आहे. खाणीचा शब्दही नाही.

आम्ही भलत्याच आवाजामागे लागलो होतो, हे मला सांगितलं ते खाणीवर तीस वर्षं बत्ती लावलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. वडार समाजाचे, आजोबा जाती घडवायचे, म्हणून स्वतःला जाते वडार म्हणवणारे. क्रशरच्या कुंपणालगतच्या पत्र्याच्या खोल्यांत ते राहतात. अर्जाची प्रत त्यांना वाचून दाखवली. माझ्याकडे डावा कान करून त्यांनी ती ऐकली आणि म्हणाले, "ताई, बत्ती दिवसातनं एकदाच. तिच्या नावानं कशाला अर्ज करता? रात्रीचं मशीन बघा की."

त्या रात्री मी दहानंतर गॅलरीत बसले. इतकी वर्षं जो आवाज 'गावाबाहेरचा' म्हणून मी कानाआड केला होता, तो एकेक करून वेगळा ऐकू यायला लागला. डंपर रिव्हर्स घेतानाचं टुंग टुंग. डबर हॉपरमध्ये ओतल्याचा गडगडाट. मग क्रशरचा जबडा डबर चावतो त्याची घरघर, त्यावर चाळण्यांची सळसळ, आणि या सगळ्यावर ताणून धरलेला एक उंच सूर, क्रश सँडच्या मशीनचा. नदीतल्या वाळूउपशावर बंधनं आली तशी दगडाच्या वाळूला मागणी वाढली. खडी काढून थांबणारा दगड आता आणखी एकदा, वेगानं आपटून बारीक केला जातो. मोठा डबर अडला की पोकलेनला लावलेला ब्रेकर त्याच्यावर घाव घालतो. घाव मोजत पडलं की झोप लागत नाही.

इथे कायदा आमच्या बाजूचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज असेल, तर कुणीही नागरिक तक्रार करू शकतो. हे दहा साधे नव्हेत. डेसिबलचं माप गुणाकाराचं आहे, दहानं वाढलं की आवाजाची ऊर्जा दहापट होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीची शिफारस केली, ती घराबाहेर सरासरी ४० ची.

मग मशीन रात्रीच का? एक कारण रस्ता. शहरातल्या कित्येक रस्त्यांवर दिवसा जड वाहनांना बंदी असते, म्हणून माल रात्री भरायचा. दुसरं कारण मला विजेच्या दरपत्रकात सापडलं आणि मी ते दोनदा वाचलं. राज्यात उच्च दाबाच्या औद्योगिक जोडणीला कित्येक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती. नेमके तेच आठ तास! एका नियमानं ज्या तासांना शांत राहा म्हटलं, त्याच तासांत दुसऱ्यानं स्वस्तात मशीन चालवा म्हटलं. विजेचा भार दिवसरात्र सारखा राहावा एवढाच त्या सवलतीमागचा हेतू होता, आणि २०२५ मध्ये ती दिवसाच्या, सौर विजेच्या तासांकडे वळली. पण पाळ्या एकदा रात्रीच्या लागल्या की त्या सहज बदलत नाहीत.

थंडीत हा त्रास वाढतो. दिवाळीनंतरच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. अशा वेळी आकाशाकडे निघून जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. म्हणून जानेवारीत मशीन उशाशी चाललं आहे असं वाटतं आणि मे महिन्यात तेच लांब गेल्यासारखं.

दुसऱ्या अर्जात आम्ही सुरुंगाचा शब्द काढला नाही. फक्त वेळा लिहिल्या. तपासणीला माणसं आली ती सकाळी साडेअकराला. आम्ही त्यांना चहा दिला आणि रात्री एक वाजता या, अशी लेखी विनंती केली. तिसरा अर्ज त्याचाच आहे.

या तिन्ही अर्जांवर पत्र्याच्या खोल्यांमधली एकही सही नाही. ती मागायला मी गेलेही नाही. ज्याची रोजी त्या मशीनवर आहे त्याच्यापुढे कागद कसा धरायचा? तिथली मुलं शिकली ती 'संतुलन' संस्थेच्या पाषाण शाळांमुळे. वाघोलीच्या खाणींवर या शाळा बस्तू रेगे आणि पल्लवी रेगे यांनी उभ्या केल्या. पण रात्री ती मुलं क्रशरपासून शंभर पावलांवर झोपतात. कारखान्यांच्या नियमांत कामगाराला आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. आठ तासांनी त्यानं तिथून लांब जावं, हे त्यात गृहीत आहे. सततच्या आवाजानं कान जातात तेही एका क्रमानं. आधी वरचे स्वर जातात. स, श, फ ऐकू येत नाहीत, बायका-पोरांचं बोलणं पुसट होतं. समोरचा पुटपुटतोय असं वाटत राहतं.

अर्जासाठी रोजच्या वेळा टिपायच्या आमच्या वहीतली 'मशीन सुरू' ही पहिली ओळ मात्र त्या म्हाताऱ्या मामांची. मी गॅलरीतून टिपलेली वेळ पाच-दहा मिनिटं चुकायची, त्यांची कधी चुकली नाही. उजवा कान पूर्ण गेलेला, डाव्यानं जेमतेम भागतं, मग त्यांना कळतं कसं, हे मी शेवटी विचारलंच. त्यांनी उशामागच्या पत्र्यावर तळहात सपाट टेकवला आणि माझाही हात धरून तिथे ठेवला. पत्रा थरथरत होता.