बोटांच्या भरवशावरचा गिअर

काम्पान्योलोच्या ‘नुओव्हो रेकॉर्ड’ या मागच्या डिरेलरवर (सायकलचा गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर) ‘पेटंट’ या शब्दाशेजारी बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. ७२ असेल तर तो १९७२ चा. जुन्या सायकलींचे शौकीन आधी तिथे वाकून बघतात. दुरुस्ती करणारा त्याच्या इंचभर वर बघतो, डिरेलर ज्या हँगरला लटकलाय तो सरळ आहे की नाही ते.

इटलीतल्या व्हिचेन्झाच्या या कंपनीने हा डिरेलर १९६७ साली आणला आणि तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिला. शर्यतपटू एडी मर्क्सच्या सायकलवर हाच असे. ॲल्युमिनियमचं अंग, आत चार खिळ्यांवर डुलणारा समांतरभुज चौकोन, खाली चेन ताणून धरणाऱ्या दोन पुली. केबल ओढली की चौकोन आत सरकतो आणि चेन मोठ्या चक्रावर चढते. सोडली की स्प्रिंग त्याला बाहेर लोटते. दिसायला देखणा, टिकायला चिवट. गिअर बदलायला मात्र सुमारच, हे त्याच्या भक्तांना रुचत नाही. चौकोन जवळजवळ आडवा सरकतो, चक्रं तर आतल्या बाजूला मोठी होत जातात. वरची पुली सर्वांत मोठ्या चक्राला घासू नये म्हणून ती लहान चक्रांपासून लांबच राहते आणि तिथे चेन उशिरा हलते. जपानच्या सनटूरने १९६४ सालीच तो चौकोन तिरका करून हा प्रश्न सोडवला होता. पण पेटंट त्यांचं, त्यामुळे इतरांना १९८४ पर्यंत थांबावं लागलं.

शिवाय फ्रेमच्या नळीवरच्या लिव्हरला टप्पे नाहीत. ती केवळ घर्षणावर जागेला थांबते. स्वार थोडी जास्त ओढतो, चेन चढली की किंचित मागे घेतो आणि कानाने खात्री करतो. निम्मी यंत्रणा स्वाराच्या बोटांत असते म्हणूनच अशा डिरेलरची तक्रार आली की तो सोडून बाकी सगळं आधी तपासायचं. चढावर जोर लावताच चेन आपोआप लहान चक्रावर पडते? बहुतेक वेळा लिव्हरचा स्क्रू ढिला असतो. त्यावरची कडी अर्धा फेरा आवळली की काम होतं. लिव्हर जड, परतताना अडखळते? केबलचं आवरण गंजलंय. मधल्या चक्रांवर सतत खडखड? हँगर वाकलाय, सायकल उजव्या कुशीवर पडली की हे हमखास होतं. हँगरच्या आट्यांत लांब दांडी बसवून ती रिमभोवती फिरवायची आणि चारही ठिकाणी रिमपासूनचं अंतर सारखं आहे का ते बघायचं. फ्रेम स्टीलची असेल तर तिथेच हळूहळू वाकवून सरळ करता येतं.

एवढं करून डिरेलर उतरवावा. पुली सोडवून रॉकेलमध्ये धुवायच्या, बुश पुसून ग्रीस लावायचं. पुलींचा पिंजरा काढताना तो हातात घट्ट धरायचा, नाहीतर आतली स्प्रिंग सटकन उलगडते आणि तिचं टोक कोणत्या भोकात होतं ते शोधत बसावं लागतं. आधी फोटो काढलेला बरा. खिळ्यांना एकेक थेंब तेल पुरतं. ते झिजून सैल झाले असतील तर घरगुती इलाज नाही. मग तो डिरेलर सुट्या भागांच्या डब्यात.

जुळणी दोन स्क्रूंची. केबल सोडून चेन सर्वांत लहान चक्रावर ठेवायची आणि वरची पुली बरोबर त्याच्या खाली येईल असा पहिला स्क्रू फिरवायचा. मग केबल ताणून बांधायची. दुसरा स्क्रू आतल्या बाजूचा, आणि इथे घाई नको: चेन मोठ्या चक्रावर चढली पाहिजे, पण त्यापलीकडे आऱ्यांत गेली तर चाक, डिरेलर आणि स्वार तिघांचंही नुकसान. आधी हाताने ढकलून बघायचं, मगच लिव्हरने.

एक युक्ती कट्टर शौकिनांना पटत नाही, पण उपयोगी आहे. चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) नवं घालायचं. हल्लीच्या लवचिक चेनमुळे आणि दातांना दिलेल्या उतारांमुळे हाच आळशी डिरेलर चपळ होतो. तोस्कानातल्या ‘एरोइका’ या जुन्या सायकलींच्या फेरीत १९८७ पूर्वीच्या सायकली लागतात आणि लिव्हर फ्रेमच्या नळीवरच हवी. तिथल्या कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर, धुळीच्या चढणीवर, झिजलेल्या चेनपेक्षा नवी चेन केव्हाही बरी.