दोरीच्या काठावरचे रोप

यवतमाळला लागून असलेल्या लोहारा परिसरातून खरिपात फेरफटका मारला, तर कापूस, तूर, सोयाबीन यांची शेते दिसतात. उंचवट्यावरच्या बरड जमिनीतले पीक गुडघ्याएवढेही नसते, तर नाल्याकाठच्या काळ्या जमिनीतले दाट असते. मग या भागाचा सोयाबीनचा हेक्टरी उतारा किती, हे सरकार कसे ठरवते? प्रत्येक शेत तर मोजता येत नाही.

यासाठी ‘पीक कापणी प्रयोग’ करतात. कृषी, महसूल व ग्रामविकास विभागांचे कर्मचारी काही शेते निवडतात, प्रत्येक शेतात ठराविक मापाचा तुकडा आखतात, त्यातले पीक कापून, मळून वजन करतात. समजा, ५ मीटर बाजूच्या चौरसात ३ किलो सोयाबीन निघाले. हे क्षेत्र २५ चौरस मीटर झाले. हेक्टरात असे ४०० तुकडे मावतात, म्हणून उतारा १२०० किलो, म्हणजे १२ क्विंटल.

येथे पहिला प्रश्न निवडीचा. रस्त्यालगतची, जायला सोयीची शेतेच घेतली, तर आकडा त्या शेतांचा होईल, गावाचा नव्हे. म्हणून शेते यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात. शेतातही तुकड्याची जागा डोळ्यांनी ठरवत नाहीत. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने किती पावले जायचे, हे यादृच्छिक संख्याच सांगतात. दाट पिकाकडे किंवा विरळ पिकाकडे ओढणाऱ्या आपल्या मनाला त्यात जागा उरत नाही.

दुसरा प्रश्न तुकड्याच्या आकाराचा. १९४० च्या दशकात त्यावर मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकडे, पण पुष्कळ ठिकाणी घेत. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि कापसावर काम केलेले व्ही. जी. पानसे मोठ्या तुकड्यांच्या बाजूचे होते. लहान तुकड्यांमुळे उतारा फुगतो, हे सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये मांडले.

असे का व्हावे? दोरीच्या काठावर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की माणूस ते बहुधा आत धरतो. ५ मीटरच्या चौरसाचा परीघ २० मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे ८० सेंटिमीटर काठ. १ मीटरच्या चौरसाला तो ४ मीटर पडतो. काठ पाचपट, म्हणून चुकीला वावही पाचपट.

चुकीचे हे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. काही शेते चांगली निघाली, काही वाईट, यातून येणारी चूक प्रयोगांची संख्या वाढवली की घटते. ती निम्मी करायला चौपट प्रयोग लागतात. काठावरची चूक मात्र प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते. हजार प्रयोग केले तरी ती जात नाही. उलट, चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

याची किंमत कोण मोजतो? २०१६ च्या खरिपापासून आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाई अशाच सरासरी उताऱ्यावर ठरते. समजा, मंडळाचे उंबरठा उत्पादन १२ क्विंटल आहे आणि खरा उतारा ९ क्विंटल. तूट २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल, तर भरपाई १२,५०० रुपये. मोजणीत उतारा केवळ १० टक्के फुगून ९.९ क्विंटल झाला, तर तूट १७.५ टक्के आणि भरपाई ८,७५० रुपये. मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी ३,७५० रुपये दोरीच्या काठावर गेले! उतारा कमी दाखवला, तर तेवढाच भार उलट बाजूला पडतो.

वर्गात हे करून पाहता येईल. १ मीटर बाजूच्या कागदावर तुरीचे १००० दाणे पसरा. दोऱ्याचे दोन चौरस करा, एक १० सेंटिमीटरचा, दुसरा ५० सेंटिमीटरचा. चिठ्ठीने जागा ठरवून ते ठेवा आणि दोऱ्याला शिवणारा प्रत्येक दाणा आत धरा. पहिल्या मोजणीला १०० ने, दुसरीला ४ ने गुणा. असे वीसेक वेळा करून दोन्हींची सरासरी काढा. मग नियम बदला: निम्म्याहून अधिक आत असेल तोच दाणा आत. कोणता आकडा १००० च्या जवळ येतो, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

पुढे एखादा सरकारी आकडा वाचताना ‘किती?’ या प्रश्नामागोमाग ‘कसे मोजले?’ असे त्यांनी विचारले, तर हा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.