पेंढ्याने ओढलेली लाल रेघ

जपानच्या ओकायामा प्रांतातील इन्बे गावात कुंभारांची घराणी शतकानुशतके ‘बिझेन’ भांडी घडवत आली आहेत. या भांड्यांवर झिलई चढवत नाहीत, तरीही काहींच्या फिक्या, भुरकट अंगावर लालभडक रेघा उमटतात. त्यांना ‘हिदासुकी’ म्हणतात. भट्टीत रचलेली भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढा जिथे टेकला, तिथे लाली आली. भट्टीतला सुंदर योगायोग म्हणून या रेघांचे कौतुक होते. माझ्या मते अशा कौतुकाने कुंभारांच्या ज्ञानावर अन्याय होतो.

ओकायामातील संशोधकांनी या लालीची उकल केली आहे. इन्बेच्या भातखाचरांखालून काढलेल्या मातीत लोह भरपूर असते. एरवी भाजताना त्यातले बरेचसे लोह मुलाइटच्या स्फटिकांत सामावते आणि रंग फिका राहतो. पेंढ्यातील पोटॅशियम मात्र मातीचा वितळणबिंदू खाली आणते. सुमारे १२५० अंश सेल्सिअसला पृष्ठभागावर द्रवाचा पातळ थर तयार होतो, त्यात कोरंडमचे बारीक स्फटिक जन्मतात आणि भट्टी निवताना त्यांच्या कडांवर हेमटाइट, म्हणजे लाल लोह ऑक्साइड, वाढते. त्यासाठी निवण्याची गती संथ लागते. माती, पेंढा, तापमान, गती: यांपैकी एकही गोष्ट हुकली तर रेघ बिघडते. इतक्या अटी पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या गेल्या, त्याला योगायोग कसे म्हणणार?

कुंभारांना पोटॅशियम कुठे ठाऊक होते, असा आक्षेप येईल. नव्हतेच, पण कारणाचे नाव माहीत नसतानाही परिणाम नेमका हाती आणता येतो, आणि प्रयोगाची सुरुवात तिथूनच होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घराण्यातले ज्ञान लोपतेही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बहरलेली मोमोयामा काळातील बिझेन शैली पुढे खरोखरच मागे पडली. विसाव्या शतकात तिला पुन्हा उभे केले ते तोयो कानेशिगे (१८९६–१९६७) यांनी, माती आणि भाजणी नव्याने पारखून. ते जुन्या कुंभार घराण्यातले होते, पण केवळ वारशाने ही शैली त्यांच्या हाती आली नव्हती. १९५६ मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. त्यांचे धाकटे बंधू सोझान यांनी तर हिदासुकी विजेच्या भट्टीत उतरवली. लाकडाची आग ही रीत होती, पेंढा ही गरज. हा फरक त्याच घराण्यातल्या माणसाने भांडे भाजून सिद्ध केला.