बडोद्याचं विरजण

महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. 1913 च्या जूनमध्ये बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुणाशी करार केला: न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिका आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानाची चाकरी करा. सगळा हिशेब 414 पौंडांचा.

आता गंमत बघा. ती दहा वर्षं बडोद्याला मिळालीच नाहीत! 1917 मध्ये आंबेडकर रुजू झाले खरे, पण अस्पृश्याला त्या शहरात राहायला कुणी जागा देईना. थोड्याच दिवसांत त्यांना निघावं लागलं. मग बडोद्याचे महाराज सयाजीराव यांचे पैसे बुडाले?

उत्तर मराठवाड्यात सापडतं. निजामाच्या राज्यात इथल्या पोराला पदवी हवी तर हैदराबाद गाठायचं, तेही उर्दूतून शिकायला. दलितांच्या घरातून कोण निघणार तिकडे? 1950 च्या जूनमध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद. (त्याच वर्षी नांदेडात स्वामी रामानंद तीर्थांचं पीपल्स कॉलेज सुरू झालं. एका वर्षात दोन दारं!) नांदेडहून औरंगाबादला थेट रेल्वे होतीच, वळकटी उचलायची आणि निघायचं.

आजीने जपून ठेवलेल्या चमचाभर दह्याने उद्याचं पातेलं लागतं आणि त्यातला चमचा परवासाठी उरतो, तसं हे चालू राहिलं. मिलिंदमध्ये शिकलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात 2006 मध्ये थेट विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले! त्यांच्याच कारकिर्दीत आयोगामार्फत मौलाना आझाद फेलोशिप सुरू झाली. पैसा सरकारचा, हे खरं. पण ती होती मुस्लिम, शीख, बौद्ध, ख्रिस्ती, पारशी संशोधकांसाठी. गुरुद्वारा, दर्गे आणि बुद्धविहार एकाच गावात नांदणाऱ्या नांदेडला याचं मोल वेगळं सांगायला हवं का?

2022 मध्ये केंद्राने ही फेलोशिप बंद केली. माझ्या मते वाईट झालं.

पण सरकारी तिजोरीवर न विसंबणारा एक झराही आहे. शिकून नोकरीला लागलेली आंबेडकरी माणसं त्याला 'पे बॅक टू सोसायटी' म्हणतात. कुणी पगारातून एखाद्या मुलीची फी भरतं, कुणी अभ्यासिकेचं भाडं. जयंतीला हारांऐवजी 'एक वही, एक पेन' आणा, असं आवाहन होतं आणि वह्यांचे ढीग लागतात. यात करार नाही, दहा वर्षांची अटही नाही. घेणाऱ्याला पुष्कळदा देणाऱ्याचं नावसुद्धा ठाऊक नसतं.