किआंती हे द्राक्षाचं नाव नाही

नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणाच्या चहूबाजूंनी कंपन्यांची कार्यालयं उभी राहिली, चाळींच्या जागी इमारती आल्या, गावातली मुलं नोकरीसाठी परदेशी जाऊन येऊ लागली. येताना कुणी इटालियन रेड वाइनची बाटली आणतं आणि बाटलीबरोबर तिच्याविषयीची ऐकीव माहितीही आणतं. तिच्यातलं बरंचसं चुकीचं असतं, आणि ते दुरुस्त करायला हवं. कारण त्या चुकीच्या माहितीखाली शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं एक द्राक्ष झाकलं जातं. त्याचं नाव सांजोवेसे. इटलीत सर्वांत जास्त लागवड याच जातीची आहे, तरी पुष्कळ बाटल्यांवर त्याचं नावच नसतं.

पहिला गोंधळ नावांचाच. किआंती म्हणजे द्राक्षाची जात, असं बहुतेकांना वाटतं. किआंती हा तोस्काना प्रांतातला, फ्लोरेन्स आणि सिएना या शहरांच्या दरम्यानचा डोंगराळ मुलूख आहे. साध्या किआंतीत किमान 70 टक्के आणि किआंती क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेसे असलं पाहिजे, असा नियम आहे. ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो तर संपूर्णपणे सांजोवेसेचीच. बारोलो आणि बार्बारेस्को हीसुद्धा पिएमोन्ते प्रांतातली गावं. तिथलं द्राक्ष नेब्बिओलो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं बी दुसऱ्या तालुक्यात लावलं तर कांदा येईल, पण भौगोलिक मानांकन असल्यामुळे तो अलिबागचा म्हणून विकता येणार नाही. इटलीतली व्यवस्था याच तत्त्वावर चालते.

सर्वांत जास्त फसवणारं नाव मोंतेपुल्चानो. तोस्कानात या नावाचं गाव आहे आणि तिथली ‘वीनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ मुख्यतः सांजोवेसेची असते. ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’ मात्र आब्रुत्सो प्रांतातली, आणि तिथे मोंतेपुल्चानो ही द्राक्षाची वेगळी जात आहे. एकीवर समाधानी होऊन दुसरी विकत घेणाऱ्याला चव का जुळत नाही, हे दुकानदारही सांगू शकत नाही.

दुसरा समज मला अधिक खटकतो: किआंती वाइन शेकडो वर्षं जशीच्या तशी चालत आली आहे. इतिहास नेमकं उलट सांगतो. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा मेदिची याने 1716 मध्ये फर्मान काढून किआंतीच्या सीमा आखल्या. वाइनच्या प्रदेशाला कायद्याने हद्द घालण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. पण त्या फर्मानात आजची किआंती नव्हती. तिचा पाया घातला बेत्तिनो रिकासोली याने. इटलीचे पंतप्रधानपद भूषवलेला हा जमीनदार आपल्या ब्रोलियोच्या गढीत वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिला, आणि 1872 च्या एका पत्रात त्याने आपलं मिश्रण मांडलं: सुवास आणि जोम सांजोवेसेकडून, मऊपणा कानायोलोकडून, आणि लवकर प्यायच्या वाइनसाठी थोडं मालवाझिया हे पांढरं द्राक्ष. मुरवायच्या वाइनमध्ये पांढरं द्राक्ष टाळावं, हेही त्याने लिहिलं होतं.

1967 च्या नियमांनी मात्र पांढरं द्राक्ष सरसकट सक्तीचं केलं, तेही 10 ते 30 टक्के. त्यात त्या काळात भरघोस पीक देणारी रोपं लावण्याकडे कल होता. वाइन पातळ झाली, आणि गवताच्या वेष्टनातली बुटकी बाटली स्वस्त मालाची खूण बनली. सांजोवेसे हलक्या प्रतीचं द्राक्ष आहे, हा गैरसमज त्याच काळातला. दोष द्राक्षाचा नव्हता, नियमाचा आणि लागवडीचा होता. वाइन बनवणाऱ्या अंतिनोरी घराण्याने 1971 मध्ये तिन्यानेल्लो ही वाइन बनवताना हे नियम झुगारले, म्हणून तिला साध्या ‘टेबल वाइन’चं लेबल लावावं लागलं. पुढे 1984 मध्ये पांढऱ्या द्राक्षाचं प्रमाण खूप कमी झालं, आणि 2006 च्या हंगामापासून किआंती क्लासिकोत त्याला बंदीच आली. मधल्या काळात संशोधकांनी जुन्या मळ्यांतून सांजोवेसेचे चांगले वाण हुडकून नव्याने लावले. वारसा टिकला तो या दुरुस्त्यांमुळे.

आता काही छोटे समज. रेड वाइनचा रंग गरातून येत नाही, सालीतून येतो. म्हणून काळ्या द्राक्षाचा रस साल लगेच बाजूला केली तर पांढरट निघतो. जुनी तेवढी चांगली, हेही खरं नाही. ब्रुनेल्लोसारखी वाइन मुरते, पण साधी किआंती काही वर्षांतच प्यायची असते. आणि रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे, साधारण 16 ते 18 अंशांसाठी. एप्रिलमधल्या घणसोलीत बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीच लागते.

रेड वाइन हृदयाला चांगली, हा समज मात्र सौम्यपणे दुरुस्त करून चालणार नाही. मद्य कोणतंही असो, त्यामुळे कर्करोगाचा धोका वाढतो. मद्यपानाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. औषध म्हणून वाइन सुरू करू नये.

शेवटचा समज आपल्या मातीबद्दलचा आहे: इटालियन द्राक्ष इथे होणारच नाही, आणि भारतीय वाइन म्हणजे बाजारात उरलेल्या खायच्या द्राक्षांची. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. वाशीच्या बाजारात येणाऱ्या थॉमसन किंवा सोनाका या खायच्या द्राक्षांशी त्यांची गल्लत करू नये. आणि सांजोवेसे इथे होतं. सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, ऐन उसाच्या पट्ट्यात ‘फ्रातेल्ली’ या वाइन कंपनीचे मळे आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी हा उद्योग उभारला. तिथली वाइन घडवली तोस्कानाचे पिएरो मासी यांनी.

तोस्कानात वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. आपल्याकडे वेल झोपत नाही, त्याला छाटणीने वळण लावावं लागतं: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळ छाटणी, आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर. सांजोवेसे उशिरा पिकतं आणि काढणीच्या वेळच्या पावसात सडतं. तोस्कानाच्या शेतकऱ्याला दर शरद ऋतूत हीच धास्ती असते. अकलूजला काढणीचा काळ बहुधा कोरडा जातो, पण ऊन जास्त असतं, त्यामुळे साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा टिकवणं ही खरी कसोटी ठरते. म्हणून इथली सांजोवेसे किआंतीची नक्कल म्हणून पिऊ नये. तिच्यावर किआंती असं छापताही येत नाही आणि छापूही नये. याच काळ्या द्राक्षापासून अकलूजला ‘सांजोवेसे बियांको’ नावाची पांढरी वाइनही होते. वाइन घेणारच असाल, तर पुढच्या वेळी किआंती क्लासिकोच्या शेजारी अकलूजची सांजोवेसे ठेवून पाहा.