‘फोटो हलला’ म्हणण्याआधी

आपल्याकडे अस्पष्ट आलेल्या फोटोचं एकच निदान होतं : ‘हलला!’ फार तर कुणी ‘आउट झाला’ म्हणतं. मग फोटो काढणाऱ्याला ‘हात स्थिर ठेव’ असा सल्ला मिळतो, आणि पुढचा फोटोही तसाच येतो. कारण दर वेळी हात हललेला नसतोच. एका शब्दाखाली आपण तीन-चार वेगवेगळे आजार घालतो आणि सगळ्यांना एकच औषध देतो.

मंडळाच्या मुलाखतींचे फोटो मी गेली तीन वर्षं काढते आहे. ओव्या म्हणणाऱ्या आजी, निवृत्त शिक्षक, भजनी मंडळातले पखवाजवाले. अशा माणसांचा फोटो बिघडला तर ‘पुढच्या महिन्यात परत काढू’ असं खात्रीने म्हणता येत नाही. कुणी मुलाकडे मुंबईला गेलेलं असतं, कुणी आजारी पडतं, आणि कुणी राहतही नाही. मुलाखत रेकॉर्डिंगवरून पुन्हा ऐकता येते, पण चुकलेल्या फोकसला दुसरी संधी नसते. म्हणून हे निदान नीट शिकून घेतलेलं बरं.

‘फोकस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चूल. केप्लरने १६०४ साली तो प्रकाशशास्त्रात आणला. गणितात मराठी माणूस त्याला नाभी म्हणतो. फोटो बिघडला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की चूल नेमकी कुठे पेटली? कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पूर्ण मोठा करा आणि डोळ्यापासून सुरुवात करून सगळीकडे फिरा. साधारण तीनपैकी एक गोष्ट आढळते.

पहिली : फोटोत काहीच धारदार नाही. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका एका दिशेला ओढल्यासारखा लांबट दिसतो. हा खरा ‘हललेला’ फोटो, आणि त्यात ऑटोफोकसचा दोष नाही. हातात धरलेल्या ५० मिमी लेन्सला शटर १/१२५ तरी हवं. माणूस बोलत, हसत असेल तर १/२०० किंवा त्याहून जलद. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर वाढवा. थोडी रवाळी चालते, ओढलेला डोळा चालत नाही. आणि सगळाच फोटो दुधाळ, धुकट दिसत असेल तर आधी लेन्सची काच बघा. एसी खोलीतून पावसाळी दमट हवेत कॅमेरा आणला की काचेवर बाष्प धरतं. कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्यावा, मग काढावा.

दुसरी : काहीतरी धारदार आहे, पण ते डोळा नाही. नथ स्पष्ट आहे, साडीचा काठ स्पष्ट आहे, कान तर अगदी छान आलाय. व्यक्तिचित्रांत सगळ्यात जास्त भेटणारा आजार हाच.

तो समजायला थोडं गणित लागतं. एपीएस-सी सेन्सरचा साधा कॅमेरा आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स, ही आपल्या विद्यार्थ्यांकडची नेहमीची जोडी. दीड मीटरवरून एफ/१.८ वर फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा असतो. एक मीटरवर तो तीन सेंटिमीटरहूनही कमी होतो. चेहरा अर्धा वळलेला असेल तर दोन डोळ्यांच्या अंतरातच चारेक सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दोन्ही डोळे धारदार येणार नाहीत, आणि कॅमेऱ्याजवळचा डोळा निवडणं भाग आहे. तोच फोटो दीड मीटरवरून एफ/४ वर काढला तर पट्टा तेरा-चौदा सेंटिमीटरचा होतो. नाक, डोळे आणि गाल आरामात मावतात. पार्श्वभूमी थोडी कमी विरघळते, एवढंच.

आता या सहा सेंटिमीटरमध्ये चूक शिरते कुठून?

एक, कॅमेरा स्वतःच जागा निवडतो. फोकस पॉइंट ‘ऑटो’वर असला की कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची, ठळक कडा असलेली वस्तू धरतो. नथ, जरीचा काठ, गळ्यातला क्रूस, हातातली मेणबत्ती या सगळ्या त्याच्या आवडीच्या गोष्टी. त्याला आजी दिसत नाही, काळ्या-पांढऱ्याची सीमा दिसते. म्हणून एकच पॉइंट निवडा आणि तो जवळच्या डोळ्याच्या पापणीवर ठेवा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असते, ती चालू करा. पण चौकट खरोखर डोळ्यावरच बसलीय ना, हे बघणं आपलं काम. चष्मा असेल तर विशेष जपा. काच डोळ्याच्या सव्वा-दीड सेंटिमीटर पुढे असते आणि फोकस फ्रेमवरच अडकतो. एफ/४ वर ते चालून जातं, जवळून एफ/१.८ वर नाही.

दोन, फोकस करून कॅमेरा वळवणं. मधल्या पॉइंटने डोळा धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि मग चौकट जमवायची, ही पुष्कळांची सवय. कॅमेरा दहा अंशांनी वळला तर स्पष्टतेचं प्रतल डोळ्याच्या मागे सरकतं : दीड मीटरवर सुमारे दोन सेंटिमीटर, एक मीटरवर दीड सेंटिमीटर. एक मीटरवर डोळ्याच्या पुढे-मागे आपल्याकडे सव्वा-सव्वा सेंटिमीटरच्या आसपासच जागा होती. ती संपली, आणि कान छान आला! उपाय सोपा : चौकट आधी जमवा आणि पॉइंट डोळ्यावर न्या.

तीन, माणूस डोलतो. उभं राहिलेलं कुणीही पुतळ्यासारखं राहत नाही. ओवी म्हणताना तर आजी लयीत पुढे-मागे होतातच. एकदाच कुलूप लावणारा फोकस (निकॉन, सोनीवर ‘एएफ-एस’, कॅननवर ‘वन शॉट’) लागल्यानंतर माणूस तीन सेंटिमीटर पुढे आला तरी कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी सतत मागोवा घेणारा फोकस वापरा, म्हणजे ‘एएफ-सी’ किंवा कॅननचा ‘सर्व्हो’. एकाऐवजी तीन-चार फोटो सलग काढा. माणसाला खुर्चीवर टेकून बसवलं तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

चार, उजेड नाही. चॅपलमध्ये मेणबत्त्यांच्या प्रकाशात किंवा पाठीमागे लख्ख दार असताना चेहरा काळवंडतो, कडा पुसट होतात, आणि लेन्स पुढे-मागे घुटमळत राहते. तेव्हा बटण पुन्हापुन्हा दाबून काही होत नाही. आजींना बाल्कांवात आणा किंवा खिडकीकडे तोंड करून बसवा.

तिसरी : दर वेळी, त्याच लेन्सने, त्याच बाजूला चुकतं. पॉइंट डोळ्यावर होता, माणूस स्थिर होता, शटर जलद होतं, तरी फोकस कायम मागे. इथे मात्र कॅमेऱ्यावर संशय घ्यायला जागा आहे. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजणारा भाग वेगळा असतो. आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आपटून कॅमेऱ्याच्या तळाशी जातो. हा रस्ता आणि सेन्सरपर्यंतचा रस्ता यांची लांबी तंतोतंत जुळायला हवी. किंचित फरक पडला की कॅमेरा प्रामाणिकपणे चुकीच्या जागी फोकस करतो. मिररलेसमध्ये मोजणी सेन्सरवरच होते, म्हणून तिथे हा दोष सहसा नसतो.

तपासायला घरच्या वस्तू पुरतात. तीन पुस्तकं टेबलावर उभी करा, प्रत्येक आधीच्यापेक्षा तीन सेंटिमीटर मागे आणि थोडी बाजूला. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी. मधल्या पुस्तकाच्या नावावर फोकस करून दहा फोटो काढा, आणि दर वेळी फोकस आधी मुद्दाम बिघडवा. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये करा, कारण तिथे मोजणी सेन्सरवर होते. लाइव्ह व्ह्यूत मधलं पुस्तक आणि व्ह्यूफाइंडरमधून सतत मागचं पुस्तक धारदार येत असेल तर जुळणी बिघडलीय. चूक कधी पुढे, कधी मागे अशी विखुरलेली असेल तर मात्र जुळणीला दोष देऊ नका. वरच्या श्रेणीतल्या निकॉनमध्ये ‘एएफ फाइन-ट्यून’ आणि कॅननमध्ये ‘एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट’ असते. साध्या मॉडेलांत बहुधा नसते. तिथे सर्व्हिस सेंटर गाठा, नाहीतर बसलेल्या माणसाचा फोटो सरळ लाइव्ह व्ह्यूत काढा.

‘आता एआय आहे, नंतर नीट करू,’ असं हल्ली ऐकू येतं. जाहिरातीला ते चालेल. पण साध्या धार वाढवण्याने हरवलेला तपशील परत येत नाही, फक्त कडा कडक होतात. आणि एआयचा डोळा हा अंदाजाने रंगवलेला डोळा असतो. पापण्या, सुरकुत्या, बुबुळातली चमक, सगळं कुणाच्यातरी सरासरीतून आलेलं. ज्या आजींची ओवी आपण एकही शब्द न बदलता लिहून घेतली, त्यांचा चेहरा मात्र अंदाजाने भरावा, हे मला पटत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी उजेड, मग खुर्ची. एफ/४, १/२००, एकच पॉइंट, जवळचा डोळा. तीन-चार फोटो झाले की लगेच पडदा मोठा करून डोळा बघायचा. तोवर आजी चहा घ्यायला उठू लागतात. त्यांना एवढंच म्हणायचं, ‘आजी, एक मिनिट बसा हं, बघून घेते.’ त्या हसतात, थांबतात, आणि पुष्कळदा त्या हसण्याचाच फोटो सगळ्यात चांगला येतो.