धावपटूच्या शरीराचा जमाखर्च

लांब पल्ल्याच्या दौडीत उतरणाऱ्या हौशी माणसाला स्पर्धेपूर्वी एकच प्रश्न पडलेला असतो, आणि तो म्हणजे आपल्याला किती वेळ लागेल? नामांकित धावपटूपुढे पदकाचा आणि मानाचा प्रश्न असतो. कचेरीतले, शाळेतले किंवा दुकानातले काम सांभाळून पहाटे धावणाऱ्या माणसाचा प्रतिस्पर्धी मात्र त्याचाच स्वतःचा अंदाज असतो. अंदाज बरोबर उतरला, तर मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर तो ताठ मानेने पुरे करतो. चुकला, तर तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात, उरलेले अंतर चालत कापावे लागते, आणि क्वचित प्रसंगी गोष्ट जिवावरही बेतते. मुंबईत २००४ साली वार्षिक मॅरेथॉन आणि दिल्लीत २००५ साली अर्धमॅरेथॉन सुरू झाली. त्यानंतर देशातील अनेक शहरांत अशा दौडी होऊ लागल्या आणि हजारो मध्यमवयीन स्त्री-पुरुष त्यांत उतरू लागले. त्यामुळे धावपटूच्या वेगाचे अनुमान कशावरून करावे, हा प्रश्न आता मूठभर तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार घडवून आणण्यात ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. शरीरक्रियाविज्ञानाच्या १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते आणि स्वतः धावण्याचे शौकीनही होते. श्वासातून बाहेर पडणारी हवा साठवणारी पिशवी पाठीवर बांधून ते मैदानात फेऱ्या मारीत आणि नंतर त्या हवेचे पृथक्करण करीत. वेग वाढला की प्राणवायूचा खप वाढतो, परंतु एका मर्यादेपाशी येऊन ही वाढ थांबते, असे त्यांनी १९२३ सालच्या सुमारास दाखवून दिले. त्या मर्यादेपलीकडच्या श्रमाला त्यांनी ‘प्राणवायूचे कर्ज’ असे नाव दिले. या कर्जाचे हिल यांनी केलेले स्पष्टीकरण पुढील संशोधनाने बरेच बदलले असले, तरी जमाखर्चाची ती कल्पना आजही उपयोगी पडते. धावपटूच्या शरीराचा हिशेब तीन रकमांचा आहे. एकूण जमा किती, त्यातली बेतात राहून वापरता येण्याजोगी किती, आणि प्रत्येक किलोमीटरला खर्च किती, या त्या तीन रकमा होत.

पहिली रक्कम म्हणजे प्राणवायूचे कमाल ग्रहण. हौशी धावपटूंच्या बोलण्यात याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू वापरला जातो, यावरून ते मोजतात. नियमित व्यायाम न करणाऱ्या तरुण पुरुषात हा आकडा साधारण चाळिशीच्या आसपास असतो, तर जागतिक दर्जाच्या धावपटूंत तो ७० ते ८५ पर्यंत जातो. फुप्फुसे, हृदय, रक्त आणि स्नायू या चौघांच्या सहकार्यावर तो अवलंबून असतो. तथापि निरोगी माणसात बहुधा हृदयाची रक्त पुढे लोटण्याची शक्तीच त्याची सीमा ठरवते. प्रयोगशाळेत ही मोजणी तोंडाला नळी लावून ट्रेडमिलवर केली जाते. ती सोय सर्वांना नसते, म्हणून अमेरिकी वायुदलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली सोपी चाचणी सुचवली. बारा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर धावावे आणि त्या अंतरावरून प्राणवायूचे अनुमान करावे. त्यांच्या सूत्राप्रमाणे बारा मिनिटांत २,४०० मीटर धावणाऱ्याचे कमाल ग्रहण सुमारे ४२ येते.

हा आकडा आकर्षक आहे, आणि म्हणूनच तो फसवाही आहे. नवशिके, मध्यम आणि निष्णात अशा सर्व प्रकारच्या धावपटूंना एका रांगेत उभे केले, तर प्राणवायूच्या आकड्यावरून त्यांचा क्रम बऱ्यापैकी सांगता येतो. परंतु साधारण एकाच ताकदीचे धावपटू घेतले की त्याची भाकीतशक्ती ओसरते. पहिली ते मॅट्रिकपर्यंतची मुले एकत्र केली तर उंचीवरून इयत्ता ओळखता येईल, पण एकाच वर्गातील मुलांचा परीक्षेतील क्रमांक उंचीवरून सांगता येणार नाही, तशातला हा प्रकार आहे. अमेरिकेचे स्टीव्ह प्रिफॉन्टेन आणि फ्रँक शॉर्टर यांचे उदाहरण या शास्त्रात नेहमी दिले जाते. प्रिफॉन्टेन यांचे कमाल ग्रहण ८४ च्या पुढे होते, तर शॉर्टर यांचे ७१ च्या आसपास. तरीही तीन मैलांच्या शर्यतीतील दोघांच्या उत्तम वेळा जवळजवळ सारख्या होत्या आणि १९७२ सालच्या म्युनिक ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचे सुवर्णपदक शॉर्टर यांनी मिळवले.

मग शॉर्टर यांच्यासारख्यांचे सामर्थ्य कशात होते? त्याचा उलगडा दुसऱ्या आणि तिसऱ्या रकमेने होतो. कोणीही आपल्या कमाल शक्तीने काही मिनिटांहून अधिक काळ धावू शकत नाही. लांबच्या दौडीत त्या शक्तीचा काही हिस्साच वापरता येतो. वेग हळूहळू वाढवत नेला, तर एका टप्प्यानंतर रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण झपाट्याने वाढू लागते आणि श्वास लागतो. या टप्प्याला ‘लॅक्टेटचा उंबरठा’ म्हणता येईल. लॅक्टेट हे विष आहे, अशी जुनी समजूत होती. वस्तुतः ते स्नायूंना आणि हृदयाला इंधन म्हणूनच उपयोगी पडते. त्याची वाढ ही शरीराचा तोल बिघडू लागल्याची खूण मात्र आहे. १९७९ साली अमेरिकेत अठरा धावपटूंवर झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, लॅक्टेट ज्या वेगाला साठू लागते तो वेग आणि शर्यतीतील वेग यांचे नाते अत्यंत घनिष्ठ असते. सराव न केलेल्या माणसाचा उंबरठा कमाल शक्तीच्या साधारण निम्म्यावर किंवा थोडा वर असतो. वर्षानुवर्षे सराव केलेल्याचा तो ८० टक्क्यांच्याही पुढे जातो.

तिसरी रक्कम खर्चाची, म्हणजे धावण्यातील काटकसरीची. एकाच वेगाने धावणाऱ्या दोन माणसांना सारखाच प्राणवायू लागत नाही. पावलाची ठेवण, पोटरीच्या स्नायूबंधाची स्प्रिंगसारखी लवचीकता, पायांचे वजन, अंगवळणी पडलेली लय, आणि अलीकडे बुटांचा तळ यांवर हा खर्च ठरतो. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमाल ग्रहण जवळजवळ सारखे असलेले बारा उत्तम धावपटू घेण्यात आले. दहा किलोमीटरच्या शर्यतीतील त्यांच्या वेळांत जो फरक होता, त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग एकट्या काटकसरीने उलगडला.

तीनही रकमा एकत्र कशा येतात, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्या धावपटूचे कमाल ग्रहण ५० आहे, त्यातले ७० टक्के तो मॅरेथॉनभर वापरू शकतो, आणि दर किलोमीटरला दर किलो वजनामागे त्याला २१० मिलिलिटर प्राणवायू लागतो. दुसऱ्याचे ग्रहण ४६ च आहे, पण तो ७६ टक्के वापरू शकतो आणि त्याचा खर्च २०० आहे. वापरता येण्याजोगी शिल्लक दोघांचीही जवळजवळ सारखीच, म्हणजे मिनिटाला ३५ मिलिलिटर, भरते. मात्र खर्चातील फरकामुळे पहिला ताशी १० किलोमीटरने, तर दुसरा ताशी साडेदहा किलोमीटरने धावतो. पहिल्याला ४ तास १३ मिनिटे लागतात, दुसरा ४ तास १ मिनिटात पोहोचतो. जमा कमी असूनही नेटका संसार करणाऱ्याची बारा मिनिटांनी सरशी होते. अमेरिकेचे मायकेल जॉयनर यांनी १९९१ साली याच तीन घटकांच्या गणिताने माणूस मॅरेथॉन १ तास ५८ मिनिटांच्या आत धावू शकेल, असे अनुमान मांडले होते. त्या वेळी ते अतिशयोक्त वाटले. परंतु केनियाचे केल्विन किप्टम २०२३ साली शिकागो येथे २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत धावले, तेव्हा त्या अनुमानाची दिशा बरोबर असल्याचे दिसले.

तथापि हौशी धावपटूच्या बाबतीत या हिशेबात आणखी काही कलमे मांडावी लागतात. पहिले कलम इंधनाचे. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी अशा अडीच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठलेल्या ग्लायकोजेनमधून साधारणपणे दीड ते दोन हजारच मिळतात. बाकीची भर चरबीतून किंवा वाटेत घेतलेल्या साखरेतून पडते. सुरुवातीला वेग जितका अधिक, तितका ग्लायकोजेनचा साठा लवकर सरतो. तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांपुढे जी भिंत उभी राहते, तिचा पाया पहिल्या दहा किलोमीटरांतच घातला गेलेला असतो.

म्हणूनच छोट्या शर्यतीवरून मोठ्या शर्यतीचे भाकीत जपून करावे लागते. अमेरिकी अभियंते पीटर रीगेल यांचे सूत्र यासाठी फार वापरले जाते. अंतर दुप्पट झाले की वेळ दुपटीहून सुमारे चार टक्के अधिक लागतो, असा त्याचा मथितार्थ. दहा किलोमीटर ५० मिनिटांत धावणाऱ्याला या सूत्राप्रमाणे अर्धमॅरेथॉनला १ तास ५० मिनिटे आणि मॅरेथॉनला ३ तास ५० मिनिटे लागावीत. २०१६ साली दोन हजारांहून अधिक हौशी धावपटूंच्या वेळांचा पडताळा घेण्यात आला, तेव्हा अर्धमॅरेथॉनपर्यंत सूत्र ठीक चालते, पण मॅरेथॉनच्या बाबतीत निम्म्या धावपटूंना ते निदान दहा मिनिटे अधिक वेगवान ठरवते, असे आढळले. उलट, आठवड्यात माणूस किती किलोमीटर धावतो आणि कोणत्या सरासरी वेगाने धावतो, या दोन साध्या नोंदींवरून मॅरेथॉनच्या वेळेचे अनुमान पुष्कळच जवळ जाते. सरावाची वही महागड्या यंत्राइतकीच बोलकी असते.

दुसरे कलम हवामानाचे. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे तीनचतुर्थांश उष्णतेत जाते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, म्हणजे तेवढे ते स्नायूंच्या वाट्याला कमी येते. मॅरेथॉनला दहा अंशांच्या आसपासचे तापमान उत्तम मानतात. मुंबई, चेन्नई किंवा कोलकाता यांच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि त्याच वेगाला नाडी अधिक पडते. मनगटावरील घड्याळे वेग आणि नाडी यांवरून प्राणवायूचा आकडा काढतात. ते मोजमाप नव्हे, अंदाज होय. २२० मधून वय वजा करून कमाल नाडी काढण्याची रूढ रीतही सरासरीपुरतीच खरी आहे. प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

तिसरे कलम आपल्या देशात विशेष महत्त्वाचे आहे, आणि ते रक्ताचे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. ते कमी असेल, तर हृदय कितीही कणखर असले तरी गाड्या रिकाम्याच धावतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. अशा स्थितीत वेग वाढत नाही म्हणून सराव वाढवणारी एखादी गृहिणी स्वतःला आळशी ठरवत असते, आणि खरे कारण रक्ताच्या एका साध्या तपासणीत दिसले असते.

अखेरचे कलम हृदयाचे. २००० ते २०१० या काळात अमेरिकेतील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांत ५९ जणांचे हृदय धावताना किंवा लगेच नंतर बंद पडले. त्यांपैकी ५१ पुरुष होते, आणि ४२ जण दगावले. प्रमाण अल्प आहे, आणि नियमित धावण्याचे लाभ त्याहून कितीतरी मोठे आहेत. परंतु छातीत दुखणे, धावताना भोवळ येणे किंवा घराण्यात तरुणपणी हृदयविकाराने मृत्यू झालेला असणे, या गोष्टी कोणत्याही सूत्रात बसत नाहीत. त्या घड्याळाला नव्हे, डॉक्टरांना सांगायच्या असतात.

सारांश, धावपटूच्या वेगाचे भाकीत करणारा एकच जादूचा आकडा नाही. जमा, वापराची मर्यादा आणि खर्च या तीन रकमा मूळ हिशेब मांडतात. इंधन, हवामान, रक्त आणि हृदय त्यात दुरुस्त्या करतात. यांतील जमेची बाजू बरीचशी आनुवंशिक असते. उंबरठा आणि काटकसर मात्र वर्षांच्या सरावाने सुधारतात, आणि पहिले दहा किलोमीटर हात राखून धावण्याचा विवेक तर त्याच दिवशी दाखवता येतो. अंदाजपत्रक हे खर्चाला शिस्त लावण्यासाठी असते. जमेपेक्षा अधिक उधळण्याचा परवाना म्हणून ते वाचले, की तूट ठरलेलीच.